मोटारींतील थंड हवेस विलंब कां लागतो?

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत आपल्या पुष्कळ सभासदांच्या अंगणांत बैलगाडीच्या शेजारीं, व कित्येक ठिकाणीं तिच्या जागीं, चारचाकी मोटार येऊन उभी राहिली आहे. बाजारपेठ, कचेरी, दवाखाना, सोयरीक या सर्व कामांस तिचा उपयोग होतो. विदर्भ, खानदेश व मराठवाडा या भागांत वैशाखाच्या सुमारास पारा ४४-४५ अंश सेल्सिअसपर्यंत चढतो. अशा उन्हांत बाळंतीण, तान्हें मूल, वृद्ध माणूस किंवा आजारी मनुष्य यांस तालुक्याच्या गांवीं न्यावयाचें झाल्यास मोटारींतील हवा थंड करणारें यंत्र, ज्यास आपण सर्वजण ‘एसी’ म्हणतों, तें चैनीचें साधन राहत नाहीं; गरजेचें होतें. म्हणूनच त्याविषयींच्या तक्रारींचा थोडा खोलांत जाऊन विचार करणें अवश्य आहे.

बहुतेक तक्रारी यंत्र अजिबात बंद पडल्याच्या नसतात. “बटण दाबलें, वारा येऊं लागला, परंतु थंडावा यावयास पंधरा-वीस मिनिटें लागतात,” असें गाऱ्हाणें असतें. आणि त्यावर बहुधा एकच निदान ऐकूं येतें: “गॅस कमी झाला असेल, भरून घ्या.” गॅस भरला जातो, पैसे दिले जातात, कांहीं दिवस बरें वाटतें, आणि पुढील चैत्रांत तेंच गाऱ्हाणें पुन्हां उभें राहतें. महसूल खात्यांतील नोकरींत एक गोष्ट आमच्या अंगवळणी पडली होती; ती अशी कीं, जागेवर जाऊन पाहणी केल्यावांचून व पंचनामा झाल्यावांचून कोणताही हुकूम काढावयाचा नाहीं. मोटारीच्या थंड हवेसही हाच नियम लागू पडतो. विलंब केव्हां होतो, कोठें होतो व कशानें दूर होतो, एवढें मालकानें स्वतः पाहून ठेवलें तर अर्धें निदान घरींच होतें.

यंत्राचें कार्य

मातीच्या माठांतून पाणी झिरपतें व त्याची वाफ होते. वाफ होण्यास उष्णता लागते. ती माठांतील पाण्यांतून घेतली जाते आणि आंतील पाणी गार होतें. मोटारींतील यंत्राचें तत्त्व हेंच आहे. भेद इतकाच कीं, येथें पाण्याऐवजीं अतिशय लवकर वाफ होणारा द्रव वापरतात, आणि ती वाफ वाया जाऊं न देतां पुन्हां द्रव करून फिरवितात. आज रस्त्यावर असलेल्या पुष्कळ गाड्यांत ‘आर-१३४ए’ या नांवाचा पदार्थ असतो. साध्या हवेच्या दाबांत तो शून्याखालीं सुमारें २६ अंशांवरच उकळतो. कांहीं नव्या गाड्यांत ‘आर-१२३४वायएफ’ हा दुसरा पदार्थ येतो.

या पदार्थाच्या फेरींत चार मुख्य टप्पे आहेत. इंजिनच्या पट्ट्यावर फिरणारा कॉम्प्रेसर वाफेस दाबतो. त्यामुळें ती अतिशय तापते. ही तापलेली वाफ गाडीच्या तोंडाशीं, रेडिएटरच्या पुढें बसविलेल्या जाळीदार कंडेन्सरमध्यें जाते. तेथें बाहेरच्या हवेस आपली उष्णता देऊन ती द्रव होते. तो द्रव एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रांतून जातांना त्याचा दाब एकदम उतरतो व तो थंडगार होतो. शेवटीं डॅशबोर्डच्या मागें असलेल्या कूलिंग कॉइलमध्यें तो उकळून पुन्हां वाफ बनतो आणि त्या वेळीं गाडींतील हवेची उष्णता शोषून घेतो. हवेंतील बाष्पही त्या थंड कॉइलवर जमतें व नळींतून गाडीखालीं ठिबकतें. दमट दिवसांत उभ्या गाडीखालीं असें स्वच्छ पाणी ठिबकणें हा दोष नसून यंत्र काम करीत असल्याची खूण आहे.

या वर्णनांतून दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. पहिली ही कीं, थंडी ‘उत्पन्न’ होत नाहीं. आंतली उष्णता उचलून बाहेर टाकली जाते. बाहेर टाकण्याची वाट बंद झाली कीं आंत थंडावा येणार नाहीं, मग गॅस कितीही भरलेला असो. दुसरी ही कीं, गॅस हें डिझेलसारखें इंधन नव्हे. तें जळत नाहीं, खर्च होत नाहीं. तेंच तें नळ्यांतून फिरत राहतें. रबरी नळ्या व सांधे यांतून वर्षानुवर्षें अत्यल्प झिरपणें चालतें, तें वेगळें. परंतु दरवर्षीं गॅस भरावा लागत असेल तर कोठें तरी गळती आहे हें निश्चित, अथवा गॅस भरण्याची मुळांत गरजच नव्हती.

स्वाभाविक विलंब कोणता व रोगाचा कोणता

उन्हांत उभी असलेली गाडी ही एक भट्टीच होय. कांचेंतून आलेलें ऊन डॅशबोर्ड, बैठकी व पत्रा यांत मुरतें. अमेरिकेंत २००५ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत असें आढळलें कीं, बंद गाडींतील हवा तासाभरांत बाहेरच्या हवेपेक्षां सरासरीनें सुमारें २२ अंश सेल्सिअस अधिक तापते, आणि त्यांतील सुमारें चार-पंचमांश वाढ पहिल्या अर्ध्या तासांतच होते. कांचा किंचित् उघड्या ठेवल्यानें यांत विशेष फरक पडला नाहीं. एवढी सांठलेली उष्णता उपसण्यास कोणत्याही निरोगी यंत्रास कांहीं मिनिटें लागणारच. हा दोष नव्हे.

हा स्वाभाविक विलंब कमी करण्याची रीति सोपी आहे. चारही दारें उघडून कोंडलेली हवा प्रथम बाहेर जाऊं द्यावी. मग कांचा खालीं ठेवूनच गाडी मिनिट-दोन मिनिटें चालवावी व एसी चालू करावा. आंतील हवा बाहेरच्याइतकी झाली कीं कांचा बंद करून ‘आंतलीच हवा फिरविण्याचें’ बटण दाबावें. गाडीच्या आकृतींत वळलेला बाण अशी त्याची खूण असते. पुष्कळांचें हें बटण कायम बाहेरची हवा घेण्याच्या बाजूस असतें. मग यंत्रास प्रत्येक क्षणीं ४२-४३ अंशांची नवी हवा थंड करावी लागते व विलंबाचा दोष विनाकारण यंत्रावर येतो. तासन्तास प्रवास असेल तर मात्र अधूनमधून थोडी बाहेरची हवा घ्यावी, नाहींतर आंतील हवा कोंदट होऊन चालकास सुस्ती येते.

आतां रोग कसा ओळखावा? त्यासाठीं कोंबड्यांच्या शेडमध्यें किंवा दूधसंकलनाच्या जागीं असतो तसा साधा तापमापक पुरे. गाडी सावलींत उभी करून, एसी पूर्ण थंडीवर व आंतली हवा फिरविण्याच्या बटणावर ठेवून, तापमापक मधल्या जाळींत धरावा. बाहेरची हवा ३० अंशांच्या आसपास असतां, इंजिन थोडें वाढवून चालविल्यास, कांहीं मिनिटांत जाळींतील हवा ५ ते १० अंशांपर्यंत उतरली पाहिजे. ऐन उन्हाळ्यांत ती यापेक्षां कांहीं अंशांनीं वरच राहील. जाळींतील हवा लवकर थंड होते पण बैठकीवर उकडतें, असें असेल तर यंत्र ठीक आहे. गाडीच अतिशय तापलेली आहे, अथवा वारा कमी पडतो आहे. जाळींतील हवाच उशिरा थंड होत असेल तर मात्र खरा दोष शोधावयास हवा.

वेळ आणि वेग यांतील घोटाळा

येथें एक उदाहरण देतों, कारण त्यांत या विषयाचें मर्म आलें आहे. आमच्या तालुक्यांतील एका कापूस उत्पादकानें ओळीनें तीन उन्हाळे आपल्या गाडींत गॅस भरून घेतला. तक्रार एकच: थंड हवा पंधरा मिनिटांनीं येते. त्यांस विचारलें कीं, थंड हवा येते तेव्हां गाडी कोठें असते? ते विचार करून म्हणाले, “बहुतेक हमरस्त्यास लागलों कीं.” मग एक दिवस गाडी हमरस्त्याच्या कडेस झाडाखालीं ठेवून तेथूनच निघण्यास त्यांस सुचविलें. त्या दिवशीं थंडावा दोन-तीन मिनिटांत आला. म्हणजे विलंब वेळेचा नव्हताच, वेगाचा होता. शेताकडील पाणंदींतून गाडी जेमतेम चालते. हमरस्त्यावर वाऱ्याचा झोत कंडेन्सरवर येतो. हळू चालतांना ते काम पंख्यानें करावयाचें असतें. गाडीचें तोंड खोलून पाहतां कंडेन्सर व रेडिएटर यांच्या मध्यें कापसाचे तंतू, धूळ व किडे यांची घोंगडीसारखी गादी जमलेली निघाली, व पंख्याचा हळू फिरण्याचा टप्पाही बंद होता. गॅसचा त्यांत कांहीं संबंध नव्हता. उलट तीन वेळां अंदाजानें भरलेला गॅस प्रमाणाबाहेर निघाला.

शेतकऱ्याच्या मोटारीस हा दोष शहरी मोटारीपेक्षां अधिक जडतो. कापूस वेंचणी, सोयाबीनची मळणी, उसाची तोडणी या काळांत हवेंत उडणारा भुसा, पाचट व तंतू सरळ त्या जाळींत जाऊन बसतात. बाहेरून पाहतां जाळी स्वच्छ दिसते, कारण घाण दोन जाळ्यांच्या मध्यें असते. म्हणून जो विलंब गांवांत असतो व हमरस्त्यावर नाहींसा होतो, त्याचें पहिलें कारण कंडेन्सर व त्याचा पंखा यांतच शोधावें.

याची एक घरगुती परीक्षा आहे. गाडी उभी, इंजिन चालू व एसी चालू असतां जाळींतून कोमट हवा येत असेल, तर साध्या झारीनें किंवा मंद धारेनें कंडेन्सरवर स्वच्छ पाणी शिंपडावें. विजेच्या तारांवर व खटक्यांवर पाणी जाऊं देऊं नये. मिनिटभरांत जाळींतील हवा स्पष्टपणें थंड होऊं लागली, तर उष्णता बाहेर टाकण्याच्या वाटेंतच अडथळा आहे असें समजावें. मात्र औषध फवारणीच्या एचटीपी पंपाची जोरदार धार या जाळीवर कधींही मारूं नये. तिचे पत्रे कागदासारखे पातळ असतात. ते एकदां वांकले कीं हवेची वाट कायमची बंद होते.

लक्षणांवरून कारणांची पारख

आतां इतर लक्षणें क्रमानें घेऊं.

१. इंजिन वाढविल्यावरच थंडावा येतो. कॉम्प्रेसर इंजिनवर फिरतो. इंजिन मंद असतां तोही मंद फिरतो. म्हणून गाडी उभी असतां थोडा फरक पडणें स्वाभाविक आहे. फरक फार असेल आणि पंखा व जाळी ठीक असतील, तर गॅस कमी असणें, पट्टा ढिला होऊन घसरणें, अथवा कॉम्प्रेसर झिजणें यांचा संशय घ्यावा. पट्टा घसरत असल्यास एसी लावतांच किंचाळल्यासारखा आवाज येतो.

२. कॉम्प्रेसर दर कांहीं सेकंदांनीं ‘टक्’ करून लागतो व सुटतो. ज्या कॉम्प्रेसरला क्लच असतो त्याच्या पुढील चकतीकडे दुरून पाहिल्यास हें दिसतें. चकती सतत फिरण्याऐवजीं थांबून थांबून फिरत असेल तर गॅस कमी असण्याचा संभव मोठा आहे, कारण दाब उतरतांच यंत्राचें रक्षण करणारा खटका त्यास बंद करतो. पुष्कळ नव्या गाड्यांत क्लच नसतो, तेथें ही परीक्षा चालत नाहीं.

३. सकाळीं ठीक, दुपारीं दगा. गाडी अर्धा-पाऊण तास चालल्यावर थंडावा अकस्मात् जातो, व इंजिन निवल्यावर पुन्हां येतो. क्लच झिजून त्याच्या दोन चकत्यांतील फट वाढली कीं तापल्यावर चुंबक तिला ओढूं शकत नाहीं. ही फट मिलिमीटरच्या अंशांत मोजावयाची असते. ती कुशल मिस्त्री पातळ चकती काढून नीट करतो, आणि संबंध कॉम्प्रेसर बदलण्याचा खर्च वांचतो.

४. आरंभीं गार, मग वारा हळूहळू कमी. हें कॉइलवर बर्फ जमल्याचें लक्षण आहे. एसी बंद करून नुसता पंखा दहा मिनिटें चालूं द्यावा. गाडीखालीं पुष्कळ पाणी गळून वारा पूर्ववत् झाला तर निदान पक्कें झालें. केबिन फिल्टर तुंबणें किंवा कॉइलचें तापमान सांगणारा सेन्सर बिघडणें हीं याचीं सामान्य कारणें होत.

५. वारा पहिल्यापासूनच कमी. सर्वांत स्वस्त उपाय येथें आहे. बहुतेक गाड्यांत हातमोज्यांच्या कप्प्यामागें केबिन फिल्टर असतो. तो मालकास स्वतः काढतां येतो. आपल्याकडील धुळींत तो मातीनें व पानांनीं भरून जातो, आणि कित्येक मालकांस तो आहे हेंच ठाऊक नसतें. कडुनिंबाखालीं गाडी ठेवणाऱ्यांनीं काचेखालच्या जाळींतील पानेंही काढीत जावें.

६. इंजिन थंड असतां हवा गार, इंजिन तापतांच कोमट. हा दोष थंड करणाऱ्या यंत्राचा नसून हीटरचा आहे. इंजिनचें गरम पाणी हीटरमध्यें फिरत असतें, व एक झडप त्याची ऊब थंड हवेंत मिसळूं देत नाहीं. ती झडप अर्धवट अडकली तर एका हातानें थंड करावें व दुसऱ्या हातानें तापवावें असा प्रकार होतो. तापमानाचें बटण पूर्ण थंडीकडून पूर्ण उष्णतेकडे दोन-चार वेळां फिरवून झडप हलल्याचा आवाज येतो कीं नाहीं हें पाहावें.

७. कधीं गार, कधीं कोमट, कांहींच नियम नाहीं. यंत्रांत दमट हवा शिरली असेल तर तींतील पाणी व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रांत गोठतें, वाट बंद होते, मग वितळून पुन्हां मोकळी होते. सांधा खोलून काम केल्यावर व्हॅक्यूम न करतांच गॅस भरला म्हणजे असें होतें. व्हॉल्व्ह स्वतः अडकणें, अथवा नव्या पद्धतीच्या कॉम्प्रेसरमधील नियंत्रक बिघडणें, हींही कारणें असूं शकतात. त्यांचा निर्णय मिस्त्रीच्या दाबमापकानेंच करावा.

पाहणी करतांना सावधगिरी

धोतर, उपरणें, पदर, मोकळे केस किंवा हातांतील कडें घेऊन चालू इंजिनवर वांकूं नये. पंखा विजेचा असल्यानें इंजिन बंद असतांही तो आपोआप सुरू होऊं शकतो. बंद गोठ्यांत किंवा शेडमध्यें इंजिन चालू ठेवून परीक्षा करूं नये. त्या धुरांत वास नसलेला विषारी वायु असतो. कॉम्प्रेसरमधून निघणारी बारीक नळी हात भाजण्याइतकी तापते. नळ्यांचे सांधे स्वतः ढिले करण्याचें साहस तर मुळींच करूं नये. उसळलेला द्रव डोळ्यास किंवा कातडीस लागला तर तो भाग गोठून इजा होते. विजेवर चालणाऱ्या व हायब्रिड गाड्यांत कॉम्प्रेसर उच्च दाबाच्या विजेवर चालतो व त्याच्या तारा नारिंगी रंगाच्या असतात. त्यांस हात लावूं नये. त्या कॉम्प्रेसरचें तेलही निराळें असतें. साधें तेल त्यांत चालत नाहीं.

गॅस भरण्याविषयीं

वर सांगितलेल्या गोष्टी तपासून गॅस कमी असल्याचा संशय उरला, तर गॅरेजमध्यें जावें. परंतु तेथें काय व्हावयास पाहिजे हें मालकास माहीत असावें.

पुष्कळ ठिकाणीं बंद गाडीस दाबमापक लावून “दाब कमी आहे” असें सांगतात. यंत्र बंद असतां आंतील दाब हा गॅसच्या वजनावर नव्हे तर बाहेरच्या तापमानावर अवलंबून असतो. आंत थोडासा जरी द्रव शिल्लक असेल तरी ३० अंशांस ‘आर-१३४ए’ चा दाब सुमारें ९७ पाउंड प्रति चौरस इंच इतकाच दाखविला जाईल, मग गॅस पुरा असो कीं निम्मा असो. घासलेटच्या झाकणबंद डब्यास बाहेरून हात लावून आंत किती आहे हें सांगतां येत नाहीं, तसेंच हें आहे. म्हणून दाब यंत्र चालू असतां, कमी व अधिक अशा दोन्ही बाजूंचा, पाहावा लागतो. कंडेन्सर तुंबल्यास किंवा गॅस जास्त झाल्यास अधिक दाबाच्या बाजूचा कांटा फार वर जातो. गॅस कमी असल्यास दोन्ही कांटे खालीं राहतात. जो मिस्त्री एकच कांटा पाहून निकाल देतो, त्याचा निकाल अपिलांत टिकणारा नव्हे.

गॅसचें खरें माप वजन हेंच आहे. प्रत्येक गाडीस किती ग्रॅम गॅस लागतो हें बॉनेटखालच्या चिठ्ठीवर छापलेलें असतें. लहान गाड्यांत तो साधारणतः अर्ध्या किलोच्या आसपास असतो. इतक्या अल्प मापांत ५०-१०० ग्रॅमचा अधिकउणेपणाही जाणवतो. कमी पडल्यास थंडावा उशिरा येतो. जास्त झाल्यास दाब वाढून थंडावा उलट घटतो व कॉम्प्रेसरवर भार पडतो. शिवाय कॉम्प्रेसरला तेल पोंचविण्याचें कामही हाच फिरता गॅस करतो. तो फार कमी असतां यंत्र तसेंच रेटल्यास कॉम्प्रेसर कोरडा पडून अडकतो, आणि किरकोळ गळतीचें रूपांतर मोठ्या खर्चांत होतें.

योग्य क्रम असा: उरलेला गॅस यंत्राच्या साहाय्यानें काढून टाकींत घ्यावा व त्याचें वजन करावें, किती कमी होता हें तेव्हांच कळतें. मग नायट्रोजनच्या दाबानें किंवा चमकणाऱ्या रंगानें गळती शोधावी. सांध्यावर तेलकट धूळ चिकटलेली असेल तर ती जागा प्रथम पाहावी. गळती बंद करून अर्ध्या तासाच्या सुमारास व्हॅक्यूम द्यावा व तो टिकतो कीं नाहीं हें पाहावें. शेवटीं तराजूवर मोजून गॅस भरावा. भरलेले ग्रॅम व गॅसचें नांव पावतीवर लिहून घ्यावें. ही पावती जपून ठेवावी. पुढील वर्षीं तक्रार उद्भवल्यास तीच आपला पुरावा.

कोणी स्वस्त पडतो म्हणून स्वयंपाकाचा गॅस भरण्याची युक्ति सांगतात. ती ऐकूं नये. तो पेट घेणारा आहे, आणि कूलिंग कॉइल माणसांच्या पुढ्यांतच असते. निरनिराळे गॅस एकत्र मिसळूंही नयेत. तसेंच जुना गॅस हवेंत सोडून देण्याची चाल वाईट आहे. पूर्वीं वापरांत असलेल्या ‘आर-१२’ मुळें आकाशांतील ओझोनच्या थरास इजा होते असें आढळल्यावरून १९८७ सालच्या मॉन्ट्रियल करारानें तो हळूहळू बंद झाला. त्याच्या जागीं आलेला ‘आर-१३४ए’ ओझोनला इजा करीत नाहीं, पण पृथ्वी तापविण्यांत तो तितक्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडपेक्षां हजार पटींहून अधिक प्रभावी आहे. म्हणून २०१६ सालच्या किगाली दुरुस्तीनें अशा पदार्थांचा वापर उतरवीत नेण्याचें ठरलें, व हिंदुस्थाननें ती २०२१ सालीं मान्य केली. अवेळीं पडणाऱ्या पावसाची व वाढत्या उन्हाची झळ ज्यांस सर्वांआधीं लागते, त्या शेतकऱ्यानें तरी हा गॅस व्यर्थ उडूं देऊं नये.

वर्षभराची निगा

दर हंगाम संपल्यावर कंडेन्सरची जाळी मंद पाण्यानें धुवावी. दोन जाळ्यांमधील घाण वर्षाआड मिस्त्रीकडून काढून घ्यावी. केबिन फिल्टर दर सहा महिन्यांनीं झटकावा व वर्षांतून एकदां बदलावा. हिंवाळ्यांत एसी लागत नाहीं म्हणून तो चार-चार महिने बंद ठेवूं नये. महिन्यांतून दहा मिनिटें चालविल्यास तेल फिरून रबरी सांधे ओले राहतात व गळती लांबते. मुक्काम येण्यापूर्वीं दोन-तीन मिनिटें एसी बंद करून नुसता पंखा चालूं ठेवल्यास कॉइल सुकते व कुबट वास येत नाहीं. धान्याच्या कोठाराजवळ गाडी ठेवणाऱ्यांनीं उंदरांवर लक्ष ठेवावें. ते पंख्याच्या तारा कुरतडतात व फिल्टरमध्यें घर करतात.

आणि एक लहानशी वही गाडींत ठेवावी. तींत तारीख, बाहेरचें तापमान, थंडावा येण्यास लागलेलीं मिनिटें, गाडी उभी होती कीं चालत होती, व इंजिन मंद कीं जलद, एवढ्या पांच गोष्टी आठ दिवस टिपाव्या. अशी वही घेऊन गेलेल्या मालकास कोणी सहसा फसवीत नाहीं, आणि प्रामाणिक मिस्त्रीचा तर अर्धा वेळ वांचतो.

शेवटीं एक गोष्ट बजावून सांगणें अवश्य आहे. यंत्र कितीही उत्तम असलें तरी इंजिन बंद होतांच गाडी पुन्हां भट्टी होते. “दोन मिनिटांत येतों” म्हणून लहान मूल, वृद्ध माणूस किंवा जनावर बंद गाडींत ठेवून दुकानांत जाऊं नये. थंड हवेस पंधरा मिनिटांचा विलंब झाला तर तो सोसतां येतो. तितकाच वेळ बंद गाडींत कोंडलेल्या बालकाच्या मात्र प्राणावर बेतूं शकतें.

तात्पर्य, विलंब झाला कीं प्रथम आंतली हवा फिरविण्याचें बटण, मग फिल्टर, मग कंडेन्सरची जाळी व पंखा, मग पट्टा आणि क्लच, आणि सर्वांच्या शेवटीं गॅस, असा क्रम ठेवावा. पहिल्या तीन गोष्टींस पैसा जवळजवळ लागत नाहीं, आणि शेतकऱ्यांच्या गाड्यांतील दोष बहुधा त्यांतच सांपडतो. ज्यांस ऐन उन्हाळ्यांत आपल्या माणसांस घेऊन दूर जावयाचें आहे, त्यांनीं ही पाहणी होळीच्या सुमारासच उरकून घ्यावी, म्हणजे वैशाखांत रोगी गाडींत बसवून वाट पाहण्याची पाळी येणार नाहीं.